डब्यातलं अंजीर

माझ्या थोरल्या भावाला सगळी गल्ली ‘भिंग’ म्हणते. एक तर त्याच्या स्वतःच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की त्यांच्यामागे त्याचे डोळे आहेत त्याहून लहान आणि कुठेतरी लांब असल्यासारखे दिसतात. आणि दुसरं त्याचं काम. तो चष्म्याच्या दुकानात आहे, मागच्या खोलीत, जिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. मालकांचे हात थरथरायला लागल्यापासून गिऱ्हाइकांचा नंबर काढायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. दिवसभर लोकांच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, ‘आधी बरं दिसत होतं की आता?’ हा प्रश्न त्याच्या जिभेवर इतका बसलाय, की घरीसुद्धा त्याची सुटका नाही. खुर्ची सरकवली की ‘आधी बरं की आता?’ भाजीत मीठ वाढवलं की ‘आधी बरं की आता?’ मी त्याची धाकटी बहीण, म्हणजे हे सगळं ऐकायला जन्मले असल्यासारखी. माझे कान किटले आहेत.

मी घरीच पडदे शिवते. माझं मशीन पुढच्या खोलीत, गॅलरीच्या दारालगत असतं, कारण उजेड तिथेच चांगला पडतो. त्यामुळे आमच्या गॅलरीत जे काही घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं. आणि हेही सांगून ठेवते, की मी कशानं भारावून जाणारी बाई नाही. लोक डोंगर बघून गप्प होतात, मला तिथे चप्पल चावते.

दादाचं लग्न बेचाळिसाव्या वर्षी झालं. तोवर आम्ही दोघं बहीणभाऊ वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत सुखानं भांडत राहत होतो. वहिनी पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर बसते. तिच्या चष्म्याची दांडी मोडली म्हणून ती दुकानात आली. मग पुन्हा मोडली. तिसऱ्यांदा मोडली तेव्हा दादा घरी येऊन फ्रेमच्या खराब मालाबद्दल तावातावानं बोलायला लागला आणि मी मनात म्हटलं, भिंगाला एवढं जवळचं दिसत नाही म्हणजे कमाल आहे. वहिनीचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता. तिला नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला आम्ही सगळे छोटी म्हणतो.

दोघी आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवशी वहिनीच्या हातात दोन बॅगा होत्या आणि छोटीच्या हातात तेलाचा एक जुना डबा. डब्याला बाहेरून निळा रंग दिलेला, आत माती, आणि मातीत तिच्या डोक्याच्याही वर गेलेलं एक झाड. पानं पंजासारखी, खरखरीत. जिन्यात दादा डबा घ्यायला पुढे झाला तेव्हा तिनं तो पोटाशी असा काही आवळला, की दादा जागच्या जागी थांबला. तशीच ती वर चढून आली आणि कुणाला न विचारता तिनं तो डबा गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला.

चारआठ दिवसांनी पडद्याची शिवण उसवता उसवता वहिनीनं मला हळूच सांगितलं, की ते अंजीर आहे आणि छोटीच्या बाबांनी लावलंय. त्यांनी कुठूनतरी एक काडी आणली होती, तिच्यादेखत मातीत खोचली होती, डब्याला रंगही दोघांनी मिळून दिला होता. त्याला कुणी हात लावलेला तिला चालत नाही, एवढं बोलून वहिनीनं विषय बदलला. मी दादाला सांगितलं. दादा ‘बरं’ म्हणाला. त्यानंतर आमच्या घरात त्या झाडाविषयी कुणीही, कधीही, अवाक्षर काढलं नाही. कुणाच्या जखमेला धक्का नको, म्हणून आम्ही तिघंही त्या कोपऱ्याला वळसा घालून जगायला लागलो.

छोटी वाईट वागायची असं अजिबात नाही. मला तर महिन्याभरातच ती ‘आत्या, तू’ करायला लागली होती. पण दादाला ती काहीच म्हणायची नाही. आपल्या भाषेत एखाद्याशी बोलायचं तर ‘तू’ तरी म्हणावं लागतं नाहीतर ‘तुम्ही’ तरी. ‘ये’ नाहीतर ‘या’. आमची छोटी या दोन्हींच्या मधून निसटायची. ‘चहा झालाय.’ ‘दुकानातून फोन आला होता.’ ‘दार वाजतंय.’ छत्री द्यायची असली तर ‘छत्री इथे आहे.’ कितीही लांबचं बोलणं असो, त्यात दादा कुठेच यायचा नाही. तिच्या शाळेतल्या बाईंनाही हे जमलं नसतं. मी शिवता शिवता मुद्दाम कान देऊन ऐकायचे आणि थक्क व्हायचे. आणि दादाचं तोंड बघून मला वाईटही वाटायचं, कारण त्यालाही ते कळत होतं. त्यानं मला एकदाच बोलून दाखवलं. म्हणाला, ‘मला बाबा नको म्हणू दे, काका नको म्हणू दे, माझं काही म्हणणं नाही. पण मी समोर असलो तर मी आहे एवढं तरी तिला वाटावं.’

याच काळात दादाला बागेचा नाद लागला. आता नाद म्हणा किंवा निमित्त म्हणा. छोटी शाळेतून आली की गॅलरीत अंजिरापाशी अभ्यासाला बसायची. दादाला तिथे जायला काहीतरी कारण हवं होतं. अंजिराला हात लावायचा नव्हता, मग त्यानं गॅलरीची डावी बाजू धरली.

त्याआधी आमच्या घरात हिरवं म्हणाल तर शेवाळ तेवढं होतं. दादानं कुंड्या आणल्या, माती आणली आणि ज्या निष्ठेनं तो काचा घासतो त्याच निष्ठेनं एकेक झाड मारायला सुरुवात केली. धणे बोटभर खोल पुरले, ते अजून तिथेच आहेत. टोमॅटोला त्यानं इतकं खत घातलं, की झाड माझ्या खांद्याला लागलं, पानांनी गच्च भरलं आणि फळ म्हणून एक नाही. मिरचीवर मावा पडला, बारीक हिरवे किडे. दुसऱ्या कुणाला ते दिसलेही नसते, पण हा दुकानातलं भिंग घेऊन बसला आणि त्याला ते हत्तीएवढे दिसले. मग साबणाचं पाणी मारलं, तेही धुण्याच्या साबणाचं, घट्ट. किडे मेले आणि दोन दिवसांनी पानंही गेली. मी म्हटलं, दादा, तू गिऱ्हाइकांना असेच चष्मे देतोस का? तो हसला नाही. कुंडी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि करपलेल्या मिरचीला अगदी मनापासून विचारलं, ‘आधी बरं होतं की आता?’

त्यातच खालच्या मजल्यावरच्या काकू. आमच्या कुंड्यांचं पाणी झिरपून त्यांच्या दोरीवरच्या धुतलेल्या चादरींवर पडलं, तांबड्या मातीसकट. त्या वर आल्या आणि चादर दाखवून जे काही बोलल्या ते सगळं खरं होतं. दादानं त्याच संध्याकाळी प्रत्येक कुंडीखाली एकेक खोल बशी ठेवली. अंजिराच्या डब्याखालीही. डब्याला हात लावायचा नव्हता म्हणून वहिनीकडून छोटीला विचारवलं, आणि छोटीनंच डबा जरासा उचलून धरला. या बशीचं पुढे काय झालं ते येईलच.

पण एक मात्र घडलं. दादानं एका पसरट कुंडीत घेवड्याचं बी टाकलं होतं. एका सकाळी मी सुईत दोरा ओवत होते आणि सहज नजर गेली. मातीचा एक ढेकळासारखा पापुद्रा वर उचलला गेला होता. त्याच्याखाली काहीतरी वाकून उभं होतं, मान खाली आणि पाठ वर. मी बघत राहिले. मशीन बंद, दोरा हातात तसाच. दुपारपर्यंत त्यानं ते ढेकूळ बाजूला लोटलं आणि मान वर काढली, दोन जाड पानं जोडलेल्या तळव्यांसारखी मिटलेली. एवढंसं ते बी, मी अशा मूठभर बिया रोज निवडून पातेल्यात घालते. त्यांतल्या प्रत्येकाच्या पोटात हे होतं? मला एकदम कसंतरीच झालं. त्या दिवशी मी दादाला एकही टोमणा मारला नाही, तर त्यानं मला ताप आहे का म्हणून विचारलं.

छोटीही ते बघत होती. पाठ करून बसायची, पण वही तिरकी धरून खांद्यावरून बघायची. मिरचीच्या दुसऱ्या रोपाला एक, फक्त एक मिरची लागली तेव्हा दादानं तिचे चार तुकडे करून चौघांच्या ताटात वाढले. छोटीनं खाल्ला. ‘तिखट आहे,’ असं ती ताटाला म्हणाली. दादा त्या दिवशी शीळ घालत दुकानात गेला.

मग थंडी पडली, आणि अंजिराची पानं पिवळी व्हायला लागली.

आधी खालचं एक पान गळलं. मग रोज एकदोन. छोटी शाळेतून आली की गळलेली पानं उचलायची, पुसायची आणि आपल्या कपड्यांच्या कप्प्यात नेऊन ठेवायची. कुणी काही विचारायचं नाही. शेवटी झाडावर काहीच उरलं नाही. एक करडा दांडा आणि चारदोन फांद्या, हाडं उभी करावीत तशा. थंडीत अंजीर पानं टाकून झोपतं, सगळीच अंजिरं तसं करतात, हे आम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. वहिनी आणि छोटीलाही नाही, कारण त्यांच्या आधीच्या घरी ते वरच्या गच्चीत भिंतीच्या उबेला असायचं आणि थंडीत त्याची थोडीच पानं गळायची. आम्हाला दिसत होतं ते एवढंच, की ते झाड मरतंय. आणि ते मेलं तर त्या पोरीचं काय होईल, आणि तिच्या मनात दादाला कधी जागा मिळेल का, हा विचार करायलासुद्धा मला भीती वाटत होती. माणूस एकदा गेला होता. आता या घरात, आमच्याकडे येऊन, तो दुसऱ्यांदा जाणार होता.

बोलायचं तर कुणालाच नव्हतं. मग प्रत्येकानं जे करता येण्यासारखं होतं ते गुपचूप केलं.

रविवारी सकाळी गॅलरीतून कुबट वास आला. दादा वाकला, डब्याच्या मातीवर बोट टेकवलं, तर बोट आत गेलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या झाडाला हात लावला. बुंधा चिमटीत धरला. तो भिजलेल्या बिस्किटासारखा दबला. बशी काठोकाठ भरलेली होती.

आम्ही तिघी दारात उभ्या होतो. दादानं वर न बघताच विचारलं, याला पाणी कोण घालतं. मग स्वतःच म्हणाला, मी घालतो, रोज सकाळी दुकानात जाण्याआधी, पेलाभर. मग वहिनी म्हणाली, की दुपारी ऑफिसातून जेवायला आले की भाज्या धुतलेलं पाणी मी त्यालाच घालते. मी आपली समजत होते, की दोघं डावीकडच्या कुंड्यांनाच पाणी घालतात; मग मीही सांगितलं, की संध्याकाळी मशीन आवरताना माझ्याही हातून एक तांब्या पडतो. आमचे तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले असतील. छोटी सगळ्यांच्या मागे होती. तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली रोज रिकामी कशी येते याचं मला कौतुक वाटायचं, पोर पाणी पिते म्हणून. ती म्हणाली, ‘मी पण,’ आणि आत निघून गेली.

एकमेकांना न दुखावण्याच्या नादात आम्ही चौघांनी मिळून ते झाड बुडवलं होतं. माया कमी पडली असती तर ते जगलं असतं.

त्या आठवड्यात दादा जेवलासुद्धा धड नाही. आणि मग नशिबानं दुकानात एक म्हातारे गृहस्थ नंबर वाढलाय म्हणून आले. त्यांच्या नखांतली माती बघून दादानं विचारलं, तर ते रोपवाटिकेचे मालक निघाले. दादानं त्यांच्या नाकावर चौकट चढवली ती तासभर उतरवलीच नाही. काच घालायची आणि एक प्रश्न विचारायचा. म्हातारबाबांना आधी वाटलं, डोळे फारच बिघडलेत. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसत सुटले. त्यांनी सांगितलं, की पानं गळणं म्हणजे झोप, मरण नव्हे. मारलं असेल तर तुम्ही पाणी घालून. वरच्या फांदीची साल नखानं खरवडा. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. तेवढ्या काड्या कापून नव्या मातीत खोचा, हीच वेळ आहे. पाणी कमी. आणि परत परत बघू नका. लागलं तर लागलं.

दादा त्या दिवशी लवकर घरी आला. छोटी गॅलरीत होती, डब्याकडे तोंड करून. दादा उंबऱ्यावर बसला, बूट न काढता. मी मशीन थांबवलं.

‘याला वाचवायचं तर कापावं लागेल,’ तो म्हणाला. ‘खालचं गेलंय. वरचं बहुतेक जिवंत आहे. पण झाड तुझं आहे. कापायचं की नाही, ते तू सांगशील तसं.’

दादानं खिशातून भिंग काढलं, काचा कापायच्या कामातली आपली छोटी सुरी काढली आणि सगळ्यात वरच्या फांदीची साल तिळाएवढी खरवडली. मग भिंग तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ त्यातून बघत होती. मग तिनं भिंग माझ्याकडे दिलं.

मी बघितलं. वरून ती फांदी म्हणजे वाळकं लाकूड. आणि त्या सालीच्या खाली, केसाएवढ्या खाली, इतकं ओलं आणि कोवळं हिरवं, की मला श्वास सोडायचं भान राहिलं नाही. सगळीकडून मेल्यासारखं दिसणारं ते झाड आतल्या आत जागं होतं. तेव्हा मला खरंच हात जोडावेसे वाटले, कुणाला ते माहीत नाही.

छोटीनं मान हलवली. दादानं फांदी कापली. कापल्या जागी दुधासारखा पांढरा चीक आला, एक थेंब, मग दुसरा. छोटीचा चेहरा कसनुसा झाला.

‘त्याला लागलं का?’ तिनं विचारलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, छे गं, झाडांना कुठे लागतं. दादानं सुरी खाली ठेवली. ‘लागलं असेल,’ तो म्हणाला आणि काचा पुसायच्या मऊ फडक्यानं त्यानं तो चीक टिपला. छोटी त्याच्याजवळ सरकली आणि पुढची प्रत्येक काडी तिनं स्वतः धरली.

सहा काड्या निघाल्या. खालचा बुंधा आणि सडलेली मुळं वहिनीनं कागदात गुंडाळून नेली. निळा डबा मात्र छोटीनं धुऊन, उन्हात वाळवून, जागेवर परत ठेवला.

काड्या कशात लावायच्या यावर दादाचं स्वतःचं डोकं चाललं. ज्याचा सगळा जन्म काचेत गेला त्याला न दिसणारी गोष्ट कशी सहन होणार? त्यानं पारदर्शक बाटल्या अर्ध्यावर कापल्या, तळाला भोकं पाडली आणि त्यांत माती भरली, म्हणजे मूळ फुटलं तर बाहेरून दिसेल. पण मुळांना उजेड नको, असं म्हातारबाबा म्हणाले होते. तेव्हा पहिल्यांदा या सगळ्यात माझं काम निघालं. उजेड अडवणाऱ्या जाड पडद्यांचे तुकडे माझ्याकडे पडून होते. मी सहा गवसण्या शिवल्या, काळ्या, वर नाडी. रांगेत ठेवल्यावर कोट घातलेली सहा माणसं बसची वाट बघत उभी आहेत असं दिसायचं. आणि घरात एक नियम झाला, मोठ्यानं बोलून झालेला पहिला नियम. पाणी फक्त छोटी घालणार. बाकी कुणी त्या बाजूला ओला हातसुद्धा न्यायचा नाही.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि वाट बघणं हा आमच्या घराण्याचा गुण नाही. एक काडी नुसतीच वाळून गेली. एकीला बुरशी आली. तिसरीचं काय सांगू. एका सकाळी दादा गॅलरीत एकटा होता, मी चहा ठेवत होते. पाचएक मिनिटांनी तो आत आला तेव्हा त्याच्या हातात काडी होती. बाहेरून काही दिसेना म्हणून यानं ती उपसून बघितली होती. खालच्या टोकाला पांढरे बारीक फुगवटे आले होते. मुळं फुटायच्या बेतात होती, आणि उपसताना ती मोडली. त्याचा चेहरा बघून मी चहाचा गॅस बंद केला. मी म्हटलं, गुपचूप परत खोच, तिला कळणार नाही. तो नाही म्हणाला. छोटी उठल्यावर त्यानं काडी तिच्यापुढे धरली आणि आपण काय केलं ते सांगितलं. ती त्या मोडक्या फुगवट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘परत नाही.’ याही वाक्यात दादा नव्हता. पण ते त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलेलं होतं, हे मी पाहिलं.

चौथीनं तर आम्हाला फार रडवलं. थंडी ओसरायच्या आतच तिच्या शेंड्याला हिरवं टोक आलं, त्यातून एक पान उलगडलं, मग दुसरं. अगदी लहान बाळाच्या हातासारखं, पाच बोटांचं. खालच्या काकू ते बघायला मुद्दाम वर आल्या आणि चादरीचा विषयही काढला नाही. वहिनी ऑफिसातून आल्या आल्या पर्ससकट गॅलरीत जायची. आणि मग ऊन जरा तापलं त्या दुपारी दोन्ही पानं मान टाकून लोंबली, दुसऱ्या दिवशी काळी पडली. खाली मूळ नव्हतंच. काडीतला होता नव्हता तेवढा ओलावा तिनं पानांवर उधळला होता. त्या रात्री जेवताना छोटी रडली. दादा तिच्याशेजारी बसला होता. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. पाण्याचा पेला तिच्या जवळ सरकवला. तिनं तो घेतला.

उरल्या दोन. त्यांच्याकडे बघायचंही आम्ही सोडून दिलं. दादानं डाव्या बाजूला पुन्हा टोमॅटो लावले, खताचा हात आखडून. छोटी न चुकता पाणी घालायची, थोडंसं, आणि गवसणी जराशी वर करून बघायची. मग नाडी बांधून शाळेत जायची. तिनं काही सांगितलं नाही तर आम्ही विचारायचं नाही. पण आताची ही गप्प बसायची तऱ्हा वेगळी होती. आधी आम्ही चौघं चार ठिकाणी गप्प होतो. आता एकाच ठिकाणी होतो.

आणि एके दिवशी सकाळी, मी एका मोठ्या पडद्याला दुमड घालत होते, वहिनी डबे भरत होती, दादा दुकानात निघाला होता, एक बूट पायात आणि दुसरा हातात. छोटी गॅलरीत उकिडवी बसली होती.

‘ए,’ ती म्हणाली. ‘लागलं. बघ.’

मला वाटलं ती मला बोलावतेय. मी उठायला लागले. पण तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. ती दादाकडे बघत होती. बघा नाही, बघ. काही क्षण दादाही मागे वळून बघत राहिला, आपल्यामागे कुणी उभं आहे का म्हणून. मागे भिंत होती. मग बूट तसाच हातात घेऊन तो एका पायानं लंगडत गॅलरीत गेला.

मीही गेले, राहवेना. गवसणी वर केलेली होती. बाटलीच्या आतल्या बाजूनं, काळ्या मातीला चिकटून, एक मूळ खाली उतरत होतं. पांढरं. मी सगळं आयुष्य दोऱ्यांत काढलंय, पण इतका पांढरा आणि इतका बारीक दोरा मी कधी हातात धरला नाही. कुणीतरी काही वर्षांपूर्वी एक काडी मातीत खोचली होती. तो माणूस गेला, ते मूळ सडलं, तो बुंधा गेला. आणि हे नवं मूळ त्याच काडीच्या काडीतून निघून, आम्हा कुणालाही न विचारता, खाली चाललं होतं. मला रडू आलं, ते मी पुसलंही नाही.

दादा बाटलीसमोर गुडघे टेकून बसला होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. त्यानं चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकानं तो काचा पुसत होता, पुन्हा पुन्हा, ज्या शर्टानं काचा पुसू नयेत म्हणून तो गिऱ्हाइकांवर चिडतो त्या शर्टानं. काचा केव्हाच कोरड्या झाल्या होत्या. ओलं होतं ते दुसरीकडे.

छोटीनं त्याच्या हातातून चष्मा घेतला. दोन्ही हातांनी दांड्या धरून, जपून, तो त्याच्या नाकावर बसवला आणि जरा मागे सरून बघितलं.

‘आधी बरं दिसत होतं,’ तिनं विचारलं, ‘की आता?’

‘आता,’ दादा म्हणाला.